मराठी साइटसाठी लाँग टेल कीवर्ड नेमके निवडायचे कसे? (उदाहरण : लाकडी घाण्याचे तेल)

तेलघाणा_सांगली विचारतात :

नमस्कार मंडळी. लाकडी घाण्यावर काढलेलं शेंगदाणा, करडई, तीळ, जवस आणि खोबरेल विकणारी वर्डप्रेसवरची साइट आहे. मजकूर सगळा मराठीत, माल महाराष्ट्रात कुठेही कुरिअरने जातो. 'शेंगदाणा तेल' किंवा 'घाण्याचे तेल' शोधलं तर पहिल्या तीन-चार पानांत साइटचा पत्ता नाही. तिथे मोठ्या किराणा साइट, वर्तमानपत्रं आणि यूट्यूब ठाण मांडून बसलेत. जो तो सांगतो, 'लाँग टेल कीवर्ड घ्या.' घ्यायचे म्हणजे नेमकं काय करायचं, इथे गाडी अडते.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, कीवर्ड प्लॅनरमध्ये (गूगलच्या शोधसंख्या दाखवणाऱ्या साधनात) मराठीतला चार-पाच शब्दांचा कीवर्ड टाकला की आकड्याच्या जागी नुसती रेघ येते. मग निवड कशावरून करायची?

दोन, प्रत्येक कीवर्डला वेगळं पान हवं का? एक जण ३६ जिल्ह्यांची ३६ पानं करून देतो म्हणतोय ('शेंगदाणा तेल पुणे', 'शेंगदाणा तेल नाशिक' वगैरे).

तीन, लोक रोमन लिपीत टाइप करतात, मग पानंही तशीच लिहायची का?

---

शेपटीचा_आलेख :

आधी एक गैरसमज दूर करू. लाँग टेल म्हणजे लांबलचक वाक्य नव्हे. शेपूट आहे ती मागणीच्या आलेखाची. एका टोकाला मोजके शब्द आणि त्यांना प्रचंड शोध, दुसऱ्या टोकाला असंख्य शब्द आणि प्रत्येकाला महिन्याला जेमतेम पाच-दहा शोध. हा शब्द ख्रिस अँडरसन यांनी २००४ मध्ये 'वायर्ड' मासिकात ऑनलाइन दुकानदारीच्या संदर्भात रूढ केला, तिथून तो एसईओत, म्हणजे शोधनिकालात वर येण्याच्या खटपटीत, आला. म्हणून 'कारळ्याचे तेल' दोनच शब्दांचं असून शेपटीत आहे आणि 'केस वाढवण्यासाठी कोणते तेल वापरावे' पाच शब्दांचं असूनही तिथे मारामारी आहे. शब्द मोजून निवड केली की इथेच पहिली चूक होते.

आता रेघेबद्दल. प्लॅनर जाहिरातदारांसाठी बनवलेला आहे. तो मागच्या महिन्यांतल्या शोधांची सरासरी देतो, मिळतीजुळती रूपं एकत्र करतो, आणि खात्यातून जाहिरातीवर फारसा खर्च होत नसेल तर '१०० ते १ हजार' असे ऐसपैस पल्ले दाखवतो. त्यातला 'कॉम्पिटिशन' हा रकानाही जाहिरातींच्या बोलीचा आहे, नेहमीच्या निकालांशी त्याचा संबंध नाही. तिथे 'लो' दिसलं म्हणून पानं लिहायला बसणारे बरेच आहेत. शिवाय गूगल वर्षानुवर्षं सांगत आलं आहे की रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध त्याने पूर्वी कधी पाहिलेलेच नसतात. त्यांचा आकडा प्लॅनर कुठून देणार? रेघेचा अर्थ 'मोजण्याइतके नाहीत' एवढाच घ्यायचा.

निवडीची सुरुवात साधनापासून करू नका, गिऱ्हाइकाच्या तोंडच्या प्रश्नांपासून करा. व्हॉट्सॲपवरची चौकशी, फोनवरचे प्रश्न, साइटवरच्या शोधचौकटीत टाकलेले शब्द, मोठ्या किराणा साइटवर अशाच तेलाखाली आलेल्या तक्रारी. हे सगळं जसंच्या तसं, त्यांच्याच भाषेत एका शीटमध्ये उतरवा. तेलाच्या बाबतीत साधारण असा ऐवज निघतो :

'१ लिटर शेंगदाणा तेलाला किती शेंगदाणे लागतात'
'घाण्याच्या तेलात तळाला गाळ का बसतो'
'घाण्याचे तेल तळताना फेस येतो'
'खोबरेल तेल थंडीत गोठले नाही तर भेसळ आहे का'
'कैरीच्या लोणच्यासाठी कोणते तेल'
'शेंगदाणा तेल ५ लिटर कॅन घरपोच'
'आपले शेंगदाणे देऊन तेल काढून मिळेल का'

प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहा : हे विचारणारा माणूस कुठल्या टप्प्यावर आहे? विकत घ्यायला निघालेला, दोन गोष्टींची तुलना करणारा, की घेऊन झाल्यावर शंका आलेला. तिसऱ्या टप्प्याकडे बहुतेक विक्रेते ढुंकून बघत नाहीत, आणि छोट्या साइटला पाय ठेवायला जागा तिथेच असते. गाळ, फेस, वास, गोठणं यांवर नीट उत्तर फक्त घाणा चालवणाराच देऊ शकतो. '१ लिटरला किती दाणे' याचं उत्तर सव्वादोन ते अडीच किलो. हा आकडा, सोबत दाण्यांचा आजचा भाव, मजुरी आणि पेंडीची वजावट असा हिशोब मांडला, की 'घाण्याचे तेल एवढे महाग का' हा प्रश्नही त्याच पानावर सुटतो.

शीट भरली की सर्च कन्सोल (आपली साइट कुठल्या शोधांना दिसली ते दाखवणारं गूगलचं साधन) उघडा. तुमची साइट जुनी असेल तर निम्मं उत्तर तिथेच पडलेलं असतं. परफॉर्मन्स अहवालात तारीख १६ महिन्यांवर न्या (त्याआधीची माहिती मिळत नाही), मग क्वेरीवर (शोधलेल्या शब्दांवर) फिल्टर लावा आणि प्रकार 'कस्टम रेजेक्स' (शब्दांचा साचा देऊन गाळणं) निवडा.

पाच किंवा जास्त शब्दांचे शोध हवे असतील तर :
.+ .+ .+ .+ .+

प्रश्नार्थक शोध हवे असतील तर :
किती|कसे|कसं|कशी|कोणते|कोणतं|फरक|साठी|चालते|चालतं

यात मुद्दाम 'का' घातलेला नाही. तो घातला की 'मूंगफली का तेल' असे हिंदी शोध धो धो येतात, आणि 'काळे तीळ'सुद्धा.

आलेल्या यादीत सरासरी स्थान ८ ते २० आणि बऱ्यापैकी इम्प्रेशन (निकालात किती वेळा दिसलं तो आकडा) असलेले शब्द आधी घ्या. तिथे गूगलने तुमचं पान त्या प्रश्नासाठी उभं करून पाहिलेलं आहे, फक्त उत्तर अपुरं आहे. नवीन पान लिहिण्याआधी त्या जुन्या पानावर दोन परिच्छेद वाढवणं स्वस्त पडतं. मात्र तीन इम्प्रेशनवर 'स्थान ६' दिसलं तर हुरळून जाऊ नका, तेवढ्यावर सरासरीला काही अर्थ नसतो.

---

बाराखडी :

वरच्या प्रतिसादात भर. मराठीत कीवर्ड निवडताना इंग्रजी सल्ला जसाच्या तसा उचलला की तीन ठिकाणी फसतो.

पहिलं म्हणजे विभक्ती. इंग्रजीत कीवर्ड वाक्यात अख्खा बसतो, मराठीत सामान्यरूप होतं. 'घाणा'चं 'घाण्याचे', 'घाण्यावर', 'घाण्यातून'. 'शेंगदाणा तेल' आणि 'शेंगदाण्याचे तेल' हे दोन वेगळे कीवर्ड धरून दोन पानं काढू नका. शीर्षकात जास्त शोधलं जाणारं रूप घ्या, मजकुरात बाकीची रूपं आपोआप येतातच. 'लाकडी घाणा शेंगदाणा तेल फायदे किंमत' अशी अख्खी माळ वाक्यात कोंबली, तर वाचणाऱ्याला ती खड्यासारखी लागते आणि क्रमवारीतही त्याने काही वाढत नाही. भाषा समजून घेणारी बर्ट ही प्रणाली गूगलने ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्रजी शोधात आणली आणि त्याच डिसेंबरात मराठीसह ७० हून अधिक भाषांत. तेव्हापासून 'न भाजता' आणि 'भाजून' यांतला 'न' वजनदार झाला आहे. 'शेंगदाणे न भाजता काढलेले तेल' हा वेगळा प्रश्न आहे, त्याला वेगळं उत्तर द्या.

आणि इथेच मराठीवाल्यांचा मोठा फायदा आहे. 'तेल' हा शब्द हिंदीतही तोच. एक-दोन शब्दांच्या देवनागरी शोधात हिंदी पानं वर येतात आणि त्यांची फौज मोठी. 'कच्ची घाणी' शोधलंत तर मोहरीच्या तेलाच्या गर्दीत जाऊन पडाल. पण शोधात 'चे', 'ला', 'साठी', 'मध्ये' आले की प्रश्न निखळ मराठी होतो आणि स्पर्धा मराठी पानांपुरती उरते. त्यात नीट उत्तर देणारी फारशी नसतात.

दुसरं म्हणजे एकाच वस्तूची नावं. करडई आणि करडी. जवस आणि अळशी. कारळे आणि खुरासणी. शेंगदाणा तेलाला कित्येक घरांत 'गोडेतेल'च म्हणतात, आणि आजी-आजोबांसाठी मागवणारी मुलंही कधीकधी तोच शब्द टाकतात. ही नावं साधनं एकमेकांशी जोडून देत नाहीत, ती तुम्हालाच माहीत असायला हवीत. पानाच्या पहिल्या परिच्छेदात 'कारळे, म्हणजेच खुरासणी' असं एकदा सरळ लिहा. अशुद्ध रूपं ('शेगदाणा', 'घान्याचे') मात्र मुद्दाम पेरू नका. गिऱ्हाइकाला ती निष्काळजीपणा वाटतात.

तिसरं म्हणजे गूगलच्या सूचना. इंग्रजीत शब्दापुढे एकेक अक्षर टाकून पाहतात, मराठीत पूर्ण बाराखडी फिरवावी लागते. 'शेंगदाणा तेल क', मग 'का', 'कि', 'कु', 'के', 'को'. मात्रा बदलली की सूचना बदलतात. 'कि' वर 'किंमत', 'किती'. 'को' वर 'कोणते', 'कोलेस्टेरॉल'. नंतर कर्सर शब्दाच्या आधी नेऊन तेच करा. खासगी खिडकीत (इन्कॉग्निटो) करा, नाहीतर तुमचाच शोध-इतिहास तुम्हाला परत दिसेल. ठिकाणाप्रमाणेही सूचना बदलतात, तेव्हा पुण्यातल्या गिऱ्हाइकाला तेच दिसत असेल असं धरू नका. एका बीजशब्दाला ('शेंगदाणा तेल'सारख्या मूळ शब्दाला) अर्धा-पाऊण तास लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण प्लॅनरच्या रेघेपेक्षा बरंच काही हाती लागतं.

लिपीबद्दल. रोमन लिपीत मराठी शोधणारे खूप आहेत हे खरं. तुमच्याकडे किती, ते सर्च कन्सोलमध्येच मोजा. रेजेक्समध्ये [अ-ह] एवढंच टाका : 'जुळणारे' निवडलंत की देवनागरी शोध, 'न जुळणारे' निवडलंत की रोमन. दोन्हीकडचे क्लिक आणि इम्प्रेशन शेजारी मांडा. (देवनागरीत हिंदी मिसळलेलं असेल, ते डोळ्यांनी वगळा.) रोमन लिपीत अख्खी मराठी पानं लिहिणं वाचायला त्रासदायक असतं. त्याऐवजी रोमन शोध ज्या वस्तूंवर येतात, त्या विक्रीच्या पानावर वस्तूचं नाव रोमन लिपीतही एकदा द्या, फोटोच्या फाइलचं नाव रोमन ठेवा. तेवढं पुरतं.

---

तेलघाणा_सांगली :

दोघांचे आभार, डोळे उघडले. [अ-ह] लावून पाहिलं, रोमन शोध वाटले होते त्याहून बरेच जास्त निघाले. आता पुढची अडचण. शीट केली तर १४० कीवर्ड झाले. १४० पानं लिहायची का? आणि वेबपत्ता देवनागरीत ठेवला की व्हॉट्सॲपवर टक्के आणि आकड्यांचा ढीग दिसतो, शिवाय शेवटचा शब्द गायब होतो. हे काय आहे?

---

बाराखडी :

वेबपत्त्याचं आधी सांगतो, कारण यात अंधश्रद्धा फार आहेत.

देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत) ३ बाइटांचं. वेबपत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह ३ अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९ अक्षरं. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे बरं का : काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. वर्डप्रेस स्लगला (वेबपत्त्याच्या शेवटच्या भागाला) २०० अक्षरांची मर्यादा घालतं. म्हणजे हाताशी राहतात साधारण २२ चिन्हं.

'लाकडी-घाण्याचे-शेंगदाणा-तेल' मोजून पाहा : ५ + ८ + ८ + ३ = २४ चिन्हं. त्यांची २१६ अक्षरं, वर तीन आडव्या रेघा. 'शेंगदाणा'पर्यंत १९१ होतात, रेघ धरून १९२, पुढचा 'त' बसत नाही. 'तेल' गेलं ते असं.

देवनागरी वेबपत्ता चुकीचा नाही, गूगल तो वाचतो आणि निकालात देवनागरीतच दाखवतो. पण तो दोन-तीन छोट्या शब्दांत ठेवा : 'घाण्याचे-तेल-गाळ'. किंवा सरळ रोमन लिपीतला छोटा स्लग द्या. वेबपत्त्यातल्या शब्दांचं क्रमवारीतलं वजन इतकं कमी आहे की त्यावर दिवस घालवू नये. जी पानं आधीच निकालात दिसतात त्यांचा पत्ता निव्वळ कीवर्डसाठी बदलू तर नकाच. बदललाच, तर जुन्याहून नव्याकडे ३०१ वळण (जुना पत्ता उघडला की आपोआप नव्यावर नेणारी कायमची सोय) लावा आणि ते काढू नका.

---

एकपान_अनेकप्रश्न :

१४० कीवर्ड म्हणजे १४० पानं नव्हेत. तुमच्या यादीतून बहुधा १२ ते १५ पानं निघतील. गट पाडायची रीत अशी.

दोन कीवर्ड एकाच पानावर जातील की नाही हे शब्दांवरून ठरवू नका, गूगलच्या निकालावरून ठरवा. दोन्ही शोधा, पहिले दहा निकाल शेजारी ठेवा. सहा-सात पानं तीच असतील तर गूगलच्या लेखी प्रश्न एकच आहे, एक पान पुरे. दोन-तीनच सामाईक असतील तर वेगळी पानं. मधल्या प्रकरणांत आपल्या अकलेने. उदाहरणार्थ 'तेलात गाळ का बसतो' आणि 'तेलाच्या तळाला चोथा' हे एकत्र जातील. 'घाण्याचे तेल आणि रिफाइंड तेल फरक' वेगळं पडेल, कारण तिथे तुलना करणारी पानं दिसतात.

तोच निकाल बघताना आणखी चार गोष्टी टिपून ठेवा.

वर कोण आहे? प्रश्नोत्तरांच्या साइट, सहा-सात वर्षं जुने लेख, किंवा शीर्षकात प्रश्न आहे पण आत उत्तर नाही अशी पानं असतील तर जागा मोकळी आहे. सगळ्या मोठ्या विक्री-साइटची यादीपानं असतील, तर तुमचा लेख कितीही चांगला असो, तिथे टिकणार नाही. तिथे विक्रीचं पान लागतं.

व्हिडिओ सगळ्यात वर आहे का? मग लोकांना बघायचं आहे. 'तेल शुद्ध आहे का कसे ओळखावे' यावर लेखापेक्षा मोबाइलवर काढलेली दोन मिनिटांची चित्रफीत आणि खाली चार ओळी जास्त चालतील.

'लोक हेही विचारतात' या चौकटीत काय आहे? त्यातले प्रश्न उपशीर्षकं म्हणून घ्या. एखादा प्रश्न उघडलात की खाली आणखी येत राहतात. दोन-तीन फेऱ्यांनंतर विषय भलतीकडे जातो, तिथे थांबा.

निकाल मराठी आहेत की हिंदी-इंग्रजी? मराठी प्रश्नाला गूगल इंग्रजी पानं दाखवत असेल तर मराठीत उत्तरच नाही असं समजा. अशा कीवर्डवर खूण करा, तो यादीत वर न्या.

पानाची बांधणी : गटातला मुख्य प्रश्न शीर्षकात, आणि महत्त्वाचे शब्द पहिल्या सहा-सात शब्दांत, कारण मोबाइलवर शीर्षक रुंदीनुसार कापलं जातं. खाली लगेच दोन-तीन वाक्यांत थेट उत्तर. 'आजच्या धावपळीच्या जीवनात आरोग्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे' ही ओळ खोडून टाका, सगळ्यांच्या लेखात तीच असते. मग उपप्रश्न उपशीर्षकांत. शेवटी संबंधित तेलाच्या विक्रीपानाचा दुवा, आणि दुव्याच्या शब्दांत 'इथे क्लिक करा'ऐवजी वस्तूचं नाव.

३६ जिल्ह्यांच्या पानांना स्पष्ट नकार द्या. मजकूर तोच आणि गावाचं नाव बदललेलं अशा पानांना गूगलच्या स्पॅम धोरणात नाव आहे, डोअरवे पानं. मार्च २०२४ मध्ये घाऊक मजकुराविरुद्धचं धोरण आणखी कडक झालं. फटका बसला तर तो त्या ३६ पानांपुरता राहीलच असं नाही, अख्ख्या साइटला बसू शकतो. शहराचं पान तेव्हाच करा जेव्हा त्या शहरापुरतं सांगण्यासारखं खरोखर काही असेल : दर शनिवारी पुण्याला गाडी जाते, अमुक लिटरच्या वर भाडं नाही, रिकामे कॅन परत घेतो. तसं काही नसेल तर एकाच 'घरपोच सेवा' पानावर पिनकोड आणि लागणाऱ्या दिवसांचा तक्ता द्या. 'शेंगदाणा तेल घरपोच नाशिक' शोधणाऱ्याला तो तक्ताच हवा असतो.

---

मोजूनमापून :

वर सगळं बरोबर आहे, पण 'आकड्याकडे बघूच नका' असा सूर लागतोय तिथे माझा विरोध. आकडा कच्चा असतो, तरी कुठलं पान आधी लिहायचं याचा क्रम लावायला तो लागतो.

दोन स्वस्त मार्ग. गूगल ट्रेंड्समध्ये प्रदेश महाराष्ट्र ठेवा आणि बीजशब्दांची आपसात तुलना करा, 'करडई तेल' विरुद्ध 'करडी तेल', 'घाण्याचे तेल' विरुद्ध 'लाकडी घाणा तेल'. तिथले ० ते १०० हे आकडे सापेक्ष असतात, शोधांची संख्या नव्हे. लांब कीवर्डला तिथे 'पुरेशी माहिती नाही' येईल, म्हणून फक्त बीजशब्द टाका. पाच वर्षांचा आलेख बघितलात की हंगाम दिसतो. लोणच्याच्या तेलाचा प्रश्न कैऱ्यांच्या दिवसांतला, चकली-शंकरपाळ्यांचा दिवाळीआधीचा, खोबरेल गोठण्याचा डिसेंबर-जानेवारीतला. साधारण २४ अंशांखाली खोबरेल गोठतं आणि मग लोक भेसळीच्या शंकेने शोधू लागतात. पान हंगामाच्या सहा ते आठ आठवडे आधी चढवा. दिवाळीच्या आठवड्यात चढवलेलं फराळाचं पान त्या वर्षी वाया गेलं म्हणायचं. आणि दरवर्षी नवीन पान काढू नका, तेच पान, तोच पत्ता, मजकूर ताजा.

दुसरा मार्ग म्हणजे छोटी जाहिरात. दिवसाला २०० रुपये, दहा दिवस, प्रदेश महाराष्ट्र, भाषा मराठी. इथे खाच आहे : लांबलचक कीवर्ड नेमक्या जुळणीत (एक्झॅक्ट मॅच) टाकला तर त्याला 'लो सर्च व्हॉल्यूम' असा शेरा बसतो आणि जाहिरात दिसतच नाही. म्हणून 'घाण्याचे तेल', 'शेंगदाणा तेल घरपोच' असे मधल्या लांबीचे शब्द फ्रेज जुळणीत (मागेपुढे आणखी शब्द आले तरी चालतात अशी) घाला आणि सर्च टर्म्स अहवाल वाचा. लोकांनी खरोखर काय टाइप केलं ते तिथे दिसतं. 'मशीन', 'नोकरी', 'अनुदान', 'प्रोजेक्ट रिपोर्ट' हे शब्द पहिल्याच दिवशी नकारात्मक यादीत टाका, नाहीतर घाणा विकत घेऊ पाहणारेच तुमचे पैसे संपवतील.

---

शेपटीचा_आलेख :

मान्य, क्रम लावायला आकडा हवाच. एवढंच जोडतो की सर्च टर्म्स अहवालही सप्टेंबर २०२० पासून फार कमी वेळा आलेले शोध गाळतो. सर्च कन्सोलचंही तेच आहे : दोन-तीन महिन्यांत मोजक्याच लोकांनी केलेले शोध खासगीपणासाठी लपवले जातात. वरच्या आलेखातले एकूण क्लिक आणि खालच्या रांगांची बेरीज जुळत नाही ती यामुळे, आणि क्वेरीवर फिल्टर लावला की लपवलेले शोध पूर्णच गळतात. नेमकी शेपूटच झाकली जाते. म्हणून एखाद्या पानाचं यश कीवर्डनिहाय मोजू नका, 'पान' हा फिल्टर लावून त्या पानाचे एकूण क्लिक बघा.

अजून एक : रांगा १,००० च्या वर दिसत नाहीत. साइट मोठी असेल तर एकेका पानाचा फिल्टर लावून वेगवेगळ्या शीट उतरवा.

---

तेलघाणा_सांगली :

जिल्ह्यांच्या पानांना नाही सांगतो. शेवटचं विचारतो. ब्लॉगवर 'घाण्याच्या तेलाचे फायदे', 'लाकडी घाणा तेल का वापरावे' आणि 'घाण्याचे तेल आरोग्यासाठी' असे तीन लेख आधीच आहेत. तिन्ही ३० ते ५० व्या स्थानात घुटमळतात, कधी हा दिसतो कधी तो. आणखी एक सांगितलं गेलंय की कीवर्ड 'मेटा कीवर्ड'मध्ये (पानाच्या कोडमधल्या, वाचकाला न दिसणाऱ्या यादीत) भरा आणि प्रत्येक पानाला एफएक्यू स्कीमा (पानावर प्रश्नोत्तरं आहेत हे गूगलला सांगणारा कोड) लावा.

---

एकपान_अनेकप्रश्न :

मेटा कीवर्ड सोडून द्या. गूगल क्रमवारीसाठी तो वापरत नाही, हे त्याने २००९ मध्येच जाहीर केलं आहे. एफएक्यू स्कीमामुळे निकालात उघडमीट करणारे प्रश्न दिसायचे, ते ऑगस्ट २०२३ मध्ये मुख्यतः सरकारी आणि आरोग्यविषयक अधिकृत साइटपुरते ठेवले. लावल्याने नुकसान नाही, पण त्यासाठी कुणाला पैसे मोजू नका. विक्रीच्या पानावर किंमत, साठा आणि मापाचा प्रॉडक्ट स्कीमा मात्र जरूर लावा.

तीन लेखांचं दुखणं असं की ते एकाच प्रश्नासाठी एकमेकांशी भांडताहेत. सर्च कन्सोलमध्ये 'घाण्याचे तेल फायदे' या क्वेरीवर जा आणि 'पाने' हा टॅब उघडा. तिथे तिन्ही पत्ते दिसले की खात्री झाली. ज्याला जास्त क्लिक आणि बाहेरून दुवे आहेत तो ठेवा. बाकी दोघांतला कामाचा मजकूर त्यात आणा, मग त्या दोन पत्त्यांवरून ३०१ वळण द्या. साइटमधले अंतर्गत दुवेही ठेवलेल्या पानाकडे वळवा, हे हमखास विसरलं जातं. नुसतं 'नोइंडेक्स' (निकालात दाखवू नका अशी खूण) केलं तर त्यांच्या दुव्यांचा फायदा हळूहळू जातो.

आणि 'फायदे' या शब्दावर तुम्ही फार वेळ घालवू नये असं माझं मत. 'कोलेस्टेरॉलसाठी कोणते तेल', 'शुगर असलेल्यांनी कोणते तेल खावे' हे शोध मोठे आहेत, मोह होतो. पण तब्येतीच्या प्रश्नांवर गूगल रुग्णालयं आणि वैद्यकीय साइटना पुढे ठेवतं. दुसरं, खाद्यपदार्थ विकणाऱ्याने 'याने अमुक आजार बरा होतो' म्हणणं हा एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांचा भंग आहे. त्या नियमांतून ब्लॉगवरचा लेख सुटत नाही. त्याऐवजी 'घाण्याचे तेल कसे साठवावे', 'तेल खवट झाले कसे ओळखावे', 'स्टीलचा डबा की प्लास्टिकचा कॅन' हे घ्या. तुमचा १४ अंकी परवाना क्रमांक प्रत्येक विक्रीपानावर तळाशी असू द्या. गिऱ्हाईक बघतं.

---

शेपटीचा_आलेख :

क्रम विचारला नाहीत तरी सांगतो, कारण १४० ची शीट बघून हात थिजतात.

पहिल्या आठवड्यात ते तीन लेख एकत्र करा आणि ८ ते २० स्थानांवरच्या कीवर्डची पानं दुरुस्त करा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात विकत घ्यायला निघालेल्यांची पानं : ५ लिटर, १५ लिटर, घरपोच तक्ता, आपले दाणे देऊन तेल. त्यानंतर आठवड्याला एक, शंका आलेल्यांची पानं, हंगामाप्रमाणे. शीटमध्ये रकाने सहाच ठेवा : कीवर्ड, गट, टप्पा, पानाचा पत्ता, चढवल्याची तारीख, हंगाम. 'पानाचा पत्ता' या रकान्यात एका गटासमोर दोन पत्ते दिसले की तिथेच थांबून बघा, पुन्हा तेच भांडण सुरू होतंय.

पान चढवलं की सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमधून इंडेक्सची (गूगलच्या सूचीत घेण्याची) विनंती करा. मग आठ ते बारा आठवडे शीर्षकाला हात लावू नका. दर चार दिवसांनी शीर्षक बदललं, तर कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही. मुदत संपल्यावर तीन शक्यता. इम्प्रेशनच नाहीत : पान इंडेक्स झालंय का ते बघा, झालं असेल तर त्या प्रश्नाला मागणी नाही, मजकूर जवळच्या पानात मिसळा. इम्प्रेशन आहेत पण स्थान २० च्या पलीकडे : उत्तर अपुरं आहे किंवा पानाचा प्रकार चुकला आहे, पहिले दहा निकाल पुन्हा उघडून बघा. स्थान चांगलं पण क्लिक नाहीत : शीर्षक बदला, किंवा उत्तर निकालाच्या पानावरच मिळून जात असेल. '१ लिटरला किती दाणे' याचं तसं होणार हे धरूनच चाला. त्या पानाचं शीर्षक 'शेंगदाणे देऊन तेल काढून घ्या : १ लिटरला किती दाणे, किती मजुरी' असं ठेवलंत तर ज्याला फक्त आकडा हवा तो जाईल, आणि ज्याच्या घरात दाण्यांचं पोतं आहे तो आत येईल.